साध्या वेशातल्या गाडीचा दिवा : निवड कशी करावी आणि काम कोणाचे घ्यावे

मोटारीच्या वायरिंगवर आमच्या समाजातली किती घरे चालतात, हे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत एक चक्कर मारली की कळते. सेल्फ, हॉर्न, हेडलाइट, बॅटरी ही कामे रोजचीच. पण अधूनमधून एक वेगळे काम दुकानाच्या दारात येते. गाडी पोलीस खात्याची असते, परंतु तिच्यावर 'पोलीस' असे कुठेही लिहिलेले नसते, टपावर दिव्यांची पट्टी नसते, रंगही साधा पांढरा किंवा राखाडी. गुन्हे शाखेची माणसे जशी साध्या वेशात फिरतात, तशी ही साध्या वेशातली गाडी. तिला इशाऱ्याचे दिवे बसवायचे असतात. ते बंद असताना कोणाच्या नजरेस पडू नयेत आणि चालू केले की फर्लांगभर लांबून दिसावेत, अशी मागणी असते. या दोन अटी एकमेकींच्या उलट आहेत आणि खरी कारागिरी तेथेच आहे.

पूर्वी यावर एकच तोड होती. खाली चुंबक असलेला गोल फिरता दिवा सीटखाली ठेवायचा. वेळ आली की खिडकीतून हात बाहेर काढून तो टपावर चिकटवायचा आणि त्याची पिन सिगारेट लायटरमध्ये खुपसायची. अमेरिकेत १९७३ ते १९७८ या काळात 'कोजॅक' नावाची पोलिसी मालिका दूरदर्शनवर चालली, तिच्यावरून या दिव्याला तिकडे 'कोजॅक लाइट' म्हणू लागले. हा दिवा आजही मिळतो आणि स्वस्त पडतो, म्हणून गिऱ्हाईक तोच मागते. आम्ही मात्र तो मुख्य दिवा म्हणून घालू नये असे म्हणू. चुंबक फक्त लोखंडी पत्र्याला धरते. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या टपावर ते निरुपयोगी, आणि पत्र्यावर धूळ बसलेली असेल तर पकड सैल होते. भरधाव गाडीवरून सुटलेला दिवा मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर गेला, तर त्याचे काय होईल ते सांगायला नको. शिवाय ज्या क्षणी दोन्ही हात मोकळे हवेत, त्याच क्षणी एक हात खिडकीबाहेर जातो.

हॅलोजन की एलईडी

फिरत्या दिव्यात साधारणपणे ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. बारा व्होल्टवर तो साडेचार ॲम्पियरच्या वर वीज खातो. असे दोन दिवे म्हणजे नऊ ॲम्पियर, त्यात फिरवणाऱ्या मोटरची वीज वेगळी. त्यानंतर झेनॉनच्या नळीचे लखलखणारे दिवे आले. त्यांच्या डब्यात शेकडो व्होल्टचा दाब तयार होतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही वेळ टिकतो. जुन्या गाडीतून असा डबा काढायला आला तर बॅटरीची तार सोडून थोडे थांबावे, शिकाऊ पोराच्या हाती तो देऊ नये.

आता काम एलईडीचे आहे. तळहाताएवढ्या दिव्याला पूर्ण तेजावर सुमारे एक ॲम्पियर वीज पुरते आणि तो लुकलुकत असल्याने सरासरी त्याहून कमी लागते. असे सहा दिवे बसवले तरी जुन्या एका बल्बाच्या आसपासच खर्च येतो. साध्या वेशातल्या गाडीला ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण ती कित्येकदा इंजिन बंद करून तासन्‌तास उभी असते. वायरलेस आणि दिवे मिळून दहा ॲम्पियर जात असतील, तर ६५ ॲम्पियर-तासाची बॅटरी सव्वातीन तासांत निम्मी रिकामी होते. मग पाठलागाच्या वेळी सेल्फ नुसता 'टक' करून थांबतो, आणि शिव्या दिवे बसवणाऱ्याला बसतात. म्हणून व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेले की दिव्यांची वीज तोडणारा रिले घालावाच. गिऱ्हाईक नको म्हणाले तरी तो सुचवावा.

एलईडीचा शत्रू उष्णता. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवून पाहावा. प्लॅस्टिकच्या डब्यातला स्वस्त दिवा तेथे एक-दोन उन्हाळ्यांत मंद पडतो. मागे पन्हाळीसारख्या खाचा असलेले ॲल्युमिनियमचे अंग असेल तोच दिवा घ्यावा. बाहेर, म्हणजे पुढच्या जाळीत बसवायचा असेल तर आयपी ६७ दर्जा पाहावा. त्याचा अर्थ असा की एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी आत पाणी शिरत नाही. कोकणच्या पावसात त्याहून कमी दर्जा चालणार नाही.

जागा आणि रंग

सगळ्यात उत्तम जागा पुढच्या जाळीच्या आत. तेथे काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या स्वच्छ काचेचा दिवा घ्यावा. रंगीत काच दिवसा लगेच ओळखू येते, पांढऱ्या काचेमागचा एलईडी चालू होईपर्यंत आपला रंग सांगत नाही. मात्र रेडिएटरची हवा अडता कामा नये. नव्या गाड्यांत जाळीमागे किंवा बंपरमध्ये रडार असते, त्याच्यासमोर काहीही लावू नये. हेडलाइटला भोक पाडून आत दिवा लपवण्याची युक्ती काही कारागीर करतात. दिसायला ती सुरेख आहे, पण हेडलाइटचे सील तुटते, पावसाळ्यात आत वाफ धरते आणि कंपनीची हमी जाते.

पुढच्या काचेच्या आत, सन वायझरजवळ दिवा लावायचा असेल तर दोन गोष्टी पाळाव्यात. दिव्याला काळे रबरी आवरण हवे आणि ते काचेला घट्ट टेकलेले हवे. नाहीतर निम्मा उजेड काचेवरून उलटा फिरून चालकाच्याच डोळ्यांत जातो. आणि एअरबॅग उघडते त्या वाटेत दिवा किंवा त्याची वायर असता कामा नये. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, खांबांच्या आवरणात, सीटच्या कडेला एअरबॅग असतात. उघडताना त्या दिव्याला दगडासारखे फेकतात. काचेमुळे उजेड घटतो हेही लक्षात घ्यावे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे नियमातली काच असली तरी तीस टक्क्यांपर्यंत उजेड तेथेच अडू शकतो.

ज्या बाजूचा विचार सर्वांत कमी होतो ती म्हणजे कड. पुढे चार दिवे, मागे दोन दिवे आणि दोन्ही कडांना अंधार, अशा गाड्या सर्रास तयार होतात. चौकात आडवा येणारा ट्रकवाला गाडीचे नाक पाहत नाही, कड पाहतो. टपावरच्या पट्टीचा उजेड चारी दिशांना जातो. साध्या वेशातल्या गाडीला ती सोय नाही. म्हणून मागच्या बाजूच्या लहान काचेत किंवा आरशाच्या खाली एकेक दिवा हवाच. गिऱ्हाइकाचे पैसे कमी असतील तर पुढचे दोन दिवे कमी करावेत, कडेचे करू नयेत.

रंगाबाबत लोकांत बरेच गैरसमज आहेत. दिवसाच्या उजेडात तांबडा रंग अधिक उठून दिसतो. अंधारात माणसाची नजर निळ्याला अधिक लवकर पकडते. त्यातून मागच्या बाजूला तांबडा दिवा रात्री ब्रेकलाइटच्या गर्दीत हरवतो. म्हणून दोन्ही रंगांचा मेळ घालतात. पांढरा लुकलुकता दिवा सर्वांत प्रखर, पण समोरच्याचे डोळे दिपवतो. तो पुढेच असावा, मागे कधीही नको. रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीचे सगळे दिवे पूर्ण तेजावर चालू असतील, तर शेजारी उभा असलेला हवालदार येणाऱ्यांना दिसतच नाही. दिवस-रात्र असे दोन तेज असलेला दिवा घ्यावा. युरोपच्या आर ६५ नियमात अशा दिव्याला वर्ग २ म्हणतात, आणि लुकलुकण्याचा वेगही तेथे सेकंदाला दोन ते चार वेळा असा बांधून दिलेला आहे. त्याहून वेगाने थरथरणारे नमुने दुकानात झोकदार दिसतात, पण गाडी किती लांब आहे याचा अंदाज पाहणाऱ्याला येत नाही. बाजारात नकली मालावरही युरोपचा शिक्का छापलेला असतो. शिक्क्यावर विसंबू नये, चाचणीचा कागद मागावा.

वायरिंगचे आमच्या वाचकांना आम्ही काय शिकवावे! तरी एवढे म्हणू, की फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, दिव्यांची लाइन हेडलाइटच्या वायरीतून काढू नये. नव्या गाडीचा संगणक ती चोरी लगेच पकडतो आणि मीटरवर खुणा पेटवतो. लाइन सरळ बॅटरीवरून आणि रिलेमधूनच न्यावी.

काम कोणाचे घ्यावे

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०८ वा नियम दिव्यांच्या रंगाविषयी आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये लाल दिव्याची मिरासदारी आवळली आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने मंत्र्यासंत्र्यांचे दिवेही उतरवले. तेव्हापासून तांबडा-निळा-पांढरा असा बहुरंगी दिवा आपत्कालीन कर्तव्याच्या नेमलेल्या वाहनांनाच आहे. त्यात आग विझवणे, पोलीस व सैन्यदलांचे कायदा-सुव्यवस्थेचे काम आणि आपत्ती निवारण ही कामे येतात. नेमलेले काम चालू नसेल तेव्हा या गाड्यांनाही दिवा लावता येत नाही. अनेक सुरांच्या भोंग्याचेही तसेच आहे; ११९ वा नियम तो ठराविक वाहनांनाच देतो.

म्हणजे एखादा बिल्डर, नगरसेवकाचा भाचा किंवा 'साहेबांचा माणूस' आपल्या खाजगी स्कॉर्पिओच्या जाळीत तांबडे-निळे दिवे बसवून मागेल, तर ते काम बेकायदा आहे. बाजारात ते सर्रास होते, हे आम्ही जाणतो. "मी नाही केले तर शेजारचा करेल" हे उत्तरही आम्ही ऐकले आहे. पण हा दिवा हॉर्नसारखा किंवा सीट कव्हरसारखा माल नाही. तो लुकलुकला की समोरचा माणूस गाडी बाजूला घेतो, काच खाली करतो, कागद बाहेर काढतो. त्या क्षणी तो कोणाच्या तरी ताब्यात जातो. गाडीवर 'पोलीस' लिहिलेलेच नसेल तर त्याच्याजवळ ओळख पटवायला दिव्याखेरीज दुसरे काही नसते.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला करणारे पांढऱ्या ॲम्बॅसडरमधून आले होते. तिच्यावर लाल दिवा होता आणि काचेवर गृहखात्याचा खोटा परवाना चिकटवलेला होता. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात १८ व १९ एप्रिल २०२० रोजी एका माणसाने २२ जणांचे प्राण घेतले. तो ज्या गाडीतून फिरत होता ती पोलिसांनी वापरून काढून टाकलेली, लिलावात विकलेली गाडी होती. तिच्यावर दिवे आणि पट्टे चढवून त्याने ती हुबेहूब पोलिसांची केली होती. पुढे २०२१ मध्ये तेथील केंद्रीय पोलीस दलाने जुन्या गाड्यांची विक्रीच थांबवली. आपल्याकडचे साधे उदाहरण हवे असेल, तर जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खाजगी मोटारीवरचा दिवा गाजला आणि पोलिसांनी ती मोटार ताब्यात घेतली.

बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लोकसेवक असल्याची बतावणी केली तर भारतीय न्याय संहितेचे २०४ वे कलम आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही झाली मालकाची गोष्ट. परंतु अशा दिव्याच्या आधारे लूट किंवा अपहरण झाले, तर दिवा कोणी बसवला याचा माग काढत पोलीस गॅरेजपर्यंत येतात. तेव्हा आपल्या कारागिराच्या "मला काय ठाऊक" या शब्दावर किती विश्वास ठेवला जातो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायची गरज नाही. गुनाहाच्या कामात हातभार न लावण्याची ताकीद दीनने दिलेलीच आहे. आम्ही येथे फक्त त्याची दुनियादारीची बाजू मांडतो आहोत.

म्हणून काम घेताना तोंडी हुकमावर जाऊ नये. खरी पोलीस गाडी असेल तर कार्यालयाचे पत्र मिळते. त्यावर गाडीचा क्रमांक, चासिस क्रमांक, दिव्यांची संख्या आणि रंग, व सही-शिक्का असावा. पत्रावरच्या नंबरावर नव्हे, तर त्या कार्यालयाच्या जाहीर क्रमांकावर फोन करून खात्री करावी. खरा अधिकारी याचा राग मानत नाही; जो रागावतो त्याला चहा पाजून परत पाठवावा. दुकानात एक वही ठेवावी. तीत तारीख, पत्राचा जावक क्रमांक, दिव्यांचे मॉडेल आणि गाडी नेणाऱ्याची सही घ्यावी. खात्याची गाडी मोडीत निघताना दिवे काढायला आली तर काढलेले दिवे पावती घेऊन खात्यालाच परत करावेत. ते चोरबाजारात गेले की पुढे कोणाच्या जाळीत बसतील ते आपल्या हाती नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. सरकारी बिल रखडते म्हणून पुष्कळजण असे काम टाळतात. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला २००६ च्या कायद्याप्रमाणे फार तर ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येते. यात एक मेख आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्याला २०२१ पासून उद्यममध्ये नोंदणी मिळते खरी, पण ती बँकेच्या कर्जापुरतीच. उशिराच्या पैशांचे संरक्षण त्याला नाही. म्हणून गॅरेजवाल्याने नोंदणी सेवा म्हणून करावी आणि बिलात दिव्यांबरोबर बसवण्याची मजुरी वेगळी दाखवावी. कायद्यात उशिराबद्दल व्याजही आहे. ते घ्यावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या उलेमांना विचारावे, पण मूळ रक्कम वेळेवर मिळवायला तक्रारीचा धाक पुरतो. बिलासोबत पत्राची प्रत आणि दिवे चालू-बंद असतानाची दोन छायाचित्रे जोडावीत. आणि गाडी देताना दोन जादा फ्यूज ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून चालकाला त्यांची जागा दाखवावी, कारण फ्यूज नेमका रात्री दोन वाजता जातो.