हायस्कूलचा सिनेमा आणि पलीकडची रांग

आमच्या नामपुरात 'मराठी शाळा' आणि 'हायस्कूल' हे दोन वेगळे शब्द आहेत. एकाच्या जागी दुसरा कोणी वापरत नाही. मराठी शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची, घरापासून हाकेच्या अंतरावरची. तिथे शेजारची, भावकीतली, एकाच गल्लीतली पोरे असतात आणि गुरुजी घरच्यांना नावानिशी ओळखतात. हायस्कूलला मात्र जायखेड्याकडून, अंबासनकडून, मोसम खोऱ्यातल्या लहानमोठ्या खेड्यांतून सायकलींवर आणि एसटीने मुले येतात. ज्यांचे आडनाव, वस्ती, बोलण्याची लकब आपल्याला ठाऊक नाही अशा मुलामुलींबरोबर आपण पहिल्यांदा एका छताखाली बसतो ते तिथे. 'शाळेवरचे चित्रपट' असे आपण सरसकट म्हणतो, त्यातले मला सर्वांत आवडणारे चित्रपट खरे तर हायस्कूलचे आहेत. ते का आवडतात, याचा शोध या शब्दभेदापासून सुरू करावा लागतो.

कथेला अनोळखी माणूस लागतो. गल्लीत कथा घडत नाही असे नाही, पण तिथे प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली असते. हायस्कूलमध्ये ती जागा काही काळ सैल होते. गणवेश सगळ्यांचा एक, हजेरीपट सगळ्यांचा एक, छडीसुद्धा बरीचशी एकच. शाळा सुटल्यावर प्रत्येक जण आपापल्या घरी, म्हणजे आपापल्या जातीत, ऐपतीत आणि रीतिरिवाजात परत जातो. सकाळची घंटा आणि संध्याकाळची घंटा यांच्यामधल्या या सहा-सात तासांच्या सुटकेवर हायस्कूलचा सिनेमा उभा असतो. ही सुटका खरी की केवळ गणवेशापुरती, हा त्याचा खरा प्रश्न.

मराठीत असे चित्रपट एकाच सुमारास दाटीने आले. मिलिंद बोकील यांच्या २००४च्या कादंबरीवरचा, सुजय डहाके यांचा 'शाळा' जानेवारी २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. पाठोपाठ रवी जाधव यांचे 'बालक-पालक' (जानेवारी २०१३) आणि 'टाइमपास' (जानेवारी २०१४), नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (फेब्रुवारी २०१४) आणि अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (जून २०१५). साडेतीन वर्षांत पाच चित्रपट, आणि पाचही लोकांनी आपलेसे केले. 'शाळा' आणि 'किल्ला' यांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'किल्ला'ला बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी क्रिस्टल बेअर दिले आणि 'फँड्री'साठी मंजुळे यांना पदार्पणाचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला.

हे तेव्हाच का घडले? एक कारण उघड आहे. 'श्वास'ने राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवल्यानंतर मराठीत नव्या दिग्दर्शकांना धीर आला होता, आणि नवा दिग्दर्शक बहुधा स्वतःच्या लहानपणापासूनच सुरुवात करतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. याच वर्षांत मराठी माध्यमात शिकलेली पिढी आपल्या मुलांना इंग्रजी माध्यमात घालत होती. नामपूरसारख्या कांद्याच्या बाजारपेठेच्या गावातही सकाळी मुले गोळा करत फिरणाऱ्या गाड्या दिसू लागल्या होत्या. जी शाळा आपण मुलांना देणार नाही असे ठरवले, तीच पडद्यावर पाहून डोळे ओले करायचे, असा हा प्रकार होता. 'शाळा' आणीबाणीच्या काळात घडतो, 'बालक-पालक' ऐंशीच्या दशकात मागे जातो, 'टाइमपास' नव्वदच्या. हे चित्रपट मुलांचे असले तरी त्यांचा प्रेक्षक पालक होता.

पण हुरहुर एवढेच कारण असते तर हे चित्रपट एकदा पाहून संपले असते. 'शाळा' मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी तो मला धरून ठेवतो, तो त्याच्या रचनेमुळे. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे सुऱ्या, चित्रे, फावड्या हे मित्र आणि वर्गातली शिरोडकर. घटना फार नाहीत. एका मुलाला एका मुलीशी बोलायचे आहे, एवढेच. मुलामुलींच्या रांगा वेगळ्या, रस्ता सगळ्यांच्या नजरेतला, आणि बोलण्याला निमित्त नाही. त्यामुळे शिकवणीची वेळ, जिन्यावरचे वळण, वहीची देवघेव या क्षुल्लक गोष्टींना प्रचंड वजन येते. जिथे बोलणे सोपे आहे तिथे हा चित्रपट होऊच शकत नाही. बाहेर आणीबाणी आहे, मोठी माणसे दबक्या आवाजात बोलत आहेत. आत मुले दबक्या आवाजात बोलत आहेत. दोन्हीकडची कुजबुज शेजारी ठेवली, की मोठ्यांचे जग लहानांना काय शिकवते हे वेगळे सांगावे लागत नाही.

इथे परदेशी चित्रपटांशी तुलना उपयोगी पडते. जॉन ह्यूज यांच्या 'द ब्रेकफास्ट क्लब' (१९८५) या अमेरिकन चित्रपटात पाच विद्यार्थी शनिवारी शिक्षा म्हणून शाळेच्या ग्रंथालयात डांबले जातात. एरवी हे पाच जण एकमेकांकडे बघणारही नाहीत, कारण तिथे खेळाडूंचा, हुशारांचा, वांडांचा गट वेगळा. एकत्र येण्यासाठी त्यांना शिक्षा व्हावी लागते. आपल्याकडे उलटे आहे. वर्गात सगळे एकत्र असतातच, कारण तुकडीने त्यांना एकत्र कोंबलेले असते. प्रश्न असतो तो वर्गाबाहेर काय, हा. दुसरा फरक वयाचा. अमेरिकन हायस्कूल बारावीपर्यंत चालते. शेवटच्या वर्षाच्या मुलाच्या हाती बहुधा मोटार असते आणि नाचाच्या समारंभाला जोडीने जायची रीत असते. आपले हायस्कूल दहावीला संपते, हाती सायकल असते आणि वर्षाच्या शेवटी नाच नसतो, बोर्डाची परीक्षा असते. म्हणून आपल्याकडची गोष्ट नववीत रंगते. दहावीची सावली तेव्हा पडलेली असते, पण तिने अजून झाकलेले नसते.

ज्यांना त्या सावलीने आधीच झाकले आहे त्यांच्याबद्दलचा चित्रपट म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दहावी फ' (२००२). 'फ' तुकडी म्हणजे शाळेने मनातून सोडून दिलेली मुले. त्यांच्या रागाचा स्फोट होतो, शाळेचे नुकसान होते, आणि अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शिक्षक त्या मुलांना हाकलून देण्याऐवजी त्यांच्याशी बोलायला बसतो. ज्याने तुकड्यांच्या अक्षरांचा अर्थ एकदा अनुभवला आहे, त्याला या चित्रपटाचे मोल समजावून द्यावे लागत नाही. 'अ'मध्ये कोण आणि 'फ'मध्ये कोण हे गुणांवर ठरते असे शाळा म्हणते. पण घरी अभ्यासाला जागा आणि दिवा कोणाला आहे, शाळेआधी कांद्याच्या खळ्यावर कोणाला जावे लागते, यावर गुण ठरतात.

सुटका गणवेशापुरतीच आहे, हे सर्वांत कठोरपणे सांगितले ते 'फँड्री'ने. जब्या शाळेत शालूकडे बघतो, जीन्सची स्वप्ने पाहतो, काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. वर्गात तो इतरांसारखाच एक विद्यार्थी आहे. शाळेबाहेर तो डुकरे धरणाऱ्या घरातला पोरगा आहे. चित्रपटाची सारी तगमग एका भीतीतून येते : शाळेतल्यांनी, विशेषतः शालूने, आपल्याला डुक्कर धरताना पाहू नये. आणि शेवटी गावाने, शाळेने, तिनेही ते पाहायचे हेच घडते. डुक्कर आता हाती लागणार, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि माने कुटुंब जागच्या जागी उभे राहते. डुक्कर निसटते. पुढे शिकार खांद्यावर घेऊन ती माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात, आणि त्या भिंतीवर समतेसाठी झटलेल्यांची चित्रे रंगवलेली असतात. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ती भिंत त्यांना कल्पनेतून काढावी लागली नसणार. अशा भिंती आमच्याकडेही आहेत.

'फँड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो. मला त्या क्षणी फ्रान्स्वा त्रुफो यांचा 'द फोर हंड्रेड ब्लोज' (१९५९) आठवतो. त्यातला आंत्वान शाळेला, घराला आणि सुधारगृहाला कंटाळून समुद्रापर्यंत धावतो, वळतो, कॅमेऱ्याकडे पाहतो, आणि चित्र गोठते. दोन्ही मुले शेवटी प्रेक्षकाकडे वळतात. आंत्वान विचारतो, आता कुठे जाऊ? जब्या विचारत नाही. इतका वेळ तुम्ही बघत होतात ना, असे तो दगडानेच सांगतो. हायस्कूलच्या सिनेमात बघणे हीच मोठी क्रिया असते, आणि 'फँड्री' बघणाऱ्यालाच आरोपी करतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. या चित्रपटांत बघतो कोण? जोशी बघतो, जब्या बघतो, 'टाइमपास'चा दगडू बघतो. शिरोडकर, शालू, प्राजक्ता यांच्याकडे बघितले जाते. शिरोडकर आणि प्राजक्ता या दोन्ही भूमिका केतकी माटेगावकर हिने दोन वर्षांच्या अंतराने केल्या, हा योगायोग मला बोलका वाटतो. वर्गातली 'ती' कशी असावी याचा एक साचा तोवर ठरून गेला होता. शालूला तर संवाद जवळजवळ नाहीतच. मी हायस्कूलला होते तेव्हा मुलींच्या रांगेत, खिडकीच्या बाजूला बसत असे. पलीकडच्या रांगेतून येणाऱ्या नजरा आम्हाला कळत. त्यांचे हसू येई, आणि त्यांची धास्तीही वाटे. कोणी चिठ्ठी टाकली तर त्याला छडी बसे. चिठ्ठी जिच्या दप्तरात सापडे तिचे मात्र हायस्कूल बंद होऊ शकत असे. मुलाच्या बाजूने जी हळवी आठवण, तीच मुलीच्या बाजूने शिक्षणाचा दोर. नामपूरहून पुढच्या शिक्षणासाठी सटाण्याला किंवा मालेगावला एसटीने जावे लागणार, म्हणजे घरच्यांच्या नजरेआड जावे लागणार. ते कोणाला जमणार हे बऱ्याचदा हायस्कूलमधल्या 'नावा'वर ठरे. माझ्या वर्गातल्या किती तरी जणींचे अंगण दहावीनंतर बदलले, पण कॉलेजचे आवार त्यांना दिसले नाही.

म्हणून 'शाळा'चा शेवट मला वेगळा दिसतो. शिरोडकर गाव सोडून जाते. जोशीसाठी तो कायमचा चटका आहे आणि चित्रपट त्या चटक्याशी थांबतो. मी मात्र तिच्या मागे मनाने निघते. नव्या गावात तिला हायस्कूल मिळाले का? दहावीला तिला किती पडले? जोशीबद्दल तिला काय वाटत होते, हे तिने कोणाला सांगितले? 'बालक-पालक'मध्ये या बाजूची एक फट किलकिली होते. शरीराविषयीचे कुतूहल त्यात मुलींनाही आहे, आणि मोठ्यांच्या कुजबुजीचा अर्थ शोधायला मुली मुलांच्या बरोबरीने बसतात. हिंदीत हृषीकेश मुखर्जी यांनी १९७१ सालीच 'गुड्डी'मध्ये शाळकरी मुलीला बघण्याचा हक्क दिला होता. ती पडद्यावरच्या नायकावर जीव टाकते आणि गोष्ट तिच्या डोळ्यांतून चालते. त्यातली, वसंत देसाईंनी संगीत दिलेली आणि वाणी जयराम यांनी गायलेली प्रार्थना पुढे खऱ्याखुऱ्या शाळांच्या परिपाठात म्हटली जाऊ लागली. आम्ही प्रार्थना घेतली, गुड्डीची नजर घेतली नाही.

ती नजर मराठीत ठसठशीतपणे आली ती 'सैराट'मध्ये (२०१६). आर्ची वर्गात वळून परश्याकडे पाहते आणि नजर खाली घालत नाही. पण तो वर्ग कॉलेजचा आहे, आणि मुलीने उलट पाहिल्याची किंमत काय, हेच उरलेला चित्रपट सांगतो. ती भूमिका करणारी रिंकू राजगुरू स्वतः तेव्हा शाळकरी होती. तिने दहावीची परीक्षा दिली ती चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर, २०१७ मध्ये.

एवढे सगळे असूनही हे चित्रपट मला प्रिय आहेत, आणि त्याचे कारण मला आता नीट सांगता येते. हायस्कूल ही आपल्या समाजाने, बहुधा नकळत, चालू ठेवलेली एक जागा आहे, जिथे काही वर्षे कोणीही कोणाच्याही शेजारी बसू शकतो. हे चित्रपट त्या शक्यतेला गंभीरपणे घेतात. ती शक्यता बाहेर कशी मोडते हेही त्यांतले चांगले चित्रपट लपवत नाहीत. मुलांच्या बाकावरून ही गोष्ट आता पुरेशी आणि सुंदर सांगून झाली आहे. आजही सकाळी नामपूरच्या स्टँडवर उतरणाऱ्या एसटीतून दप्तरे पाठीला लावलेल्या मुली घोळक्याने हायस्कूलकडे जातात. त्यांच्यातल्या एखादीच्या हाती उद्या कॅमेरा येईल तेव्हा ती वर्गाचे पहिले दृश्य कुठून घेईल, याची मला उत्सुकता आहे. खिडकीच्या बाजूने घेतले तर पलीकडच्या रांगेत मुले बसलेली दिसतील, आणि शिरोडकर पहिल्यांदा बोलू लागेल.