एक्सप्लेनर : महिनाअखेरीस बीपीची गोळी बंद करू नका, खर्च असा वाचवा

नाशिक : द्वारका परिसरातले रिक्षाचालक, हातगाडीवाले, हमाल यांचे घर रोजच्या कमाईवर चालते. तंगी आली की कात्री आधी बीपीच्या गोळीला लागते, कारण गोळी चुकली तरी त्या दिवशी काही दुखत नाही. पण बीपी वाढलेला राहिला तर पक्षाघात आणि किडनी निकामी होण्याचा धोका वाढतो. मग पैसे वाचवायचे कुठे?

तपासणी कुठे करावी?
राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. त्र्यंबक रोडवरचे ‘सिव्हिल’ त्यातलेच. द्वारकेजवळचे डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय महापालिकेचे आहे. तिथले दर आधी विचारून घ्या.

गोळी स्वस्त कशी मिळेल?
जनऔषधी केंद्रातली जेनेरिक औषधे ब्रँडेडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असल्याचे सरकार सांगते. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल तर डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, उदाहरणार्थ ॲम्लोडिपिन. डोस मात्र स्वतःहून बदलू नका.

जेवणात काय बदलावे?
दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक छोटा चमचाभर मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फरसाण, पापड, लोणचे कमी केले तर मीठही कमी होते आणि पैसेही वाचतात.

लक्षात ठेवा : बीपी नॉर्मल आला तो गोळीमुळे. ती बंद करायची का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.