वजनकाट्यावरून घरी आलेली पुस्तकं

बीड जिल्ह्यात जुन्या पुस्तकांचा म्हणून वेगळा बाजार कधी पाहिला नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौक आहे, मुंबईत फोर्टातले फुटपाथ आणि हैदराबादला आबिड्सचा रविवार. आमच्याकडे रद्दीचं दुकान आणि त्यातला वजनकाटा. 1990च्या आसपास मी अंबाजोगाईत जुनी पुस्तकं घ्यायला लागलो, ती या काट्यावरूनच. 'सत्यकथे'चा अंक असो की गेल्या महिन्याची वर्तमानपत्रं, भाव एकच, किलोवर. त्यात निवड करायला सवड नसे. आठ-दहा दिवसांत ट्रक यायचा आणि माल कागद गिरणीकडे जायचा. तिथं त्याचा लगदा होणार हे ठाऊक असल्यामुळे बरं दिसेल ते आधी बाजूला काढायचं, पाहणी घरी गेल्यावर.

हा माल यायचा कुठून? बहुतेक माळवदाच्या घरांतून. निवृत्त मास्तर, वकील, एखादे कीर्तनकार यांनी जन्मभर जमवलेलं. मुलं पुण्याला किंवा औरंगाबादला स्थायिक झाली, म्हातारी माणसं गेली, घर विकायला काढलं की माळ्यावरच्या ट्रंका खाली यायच्या. भांडी, सागवानी चौकटी, कडीपाट यांना गिऱ्हाईक लगेच मिळे. पुस्तकं ढेलजेत पडून राहत आणि शेवटी हातगाडीवर चढत. यात मी कुणाला बोल लावत नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आजोबांच्या चार ट्रंका मावत नाहीत.

अशाच एका गठ्ठ्यात जीर्ण झालेलं एक पुस्तक होतं. कसरीनं कडा खाल्लेल्या, शिवण सुटलेली. पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का, त्यात 'मोमिनाबाद' एवढंच धड वाचता येत होतं. मोमिनाबाद म्हणजे निजामाच्या काळातली आमची अंबाजोगाई. शिक्क्याखाली निजामाच्या चलनातली किंमत बोरूनं लिहिलेली: हाली सिक्का, बारा आणे. ज्या संस्थानात कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, तिथं कुणीतरी बारा आणे मोजून मराठी पुस्तक घेतलं, त्यावर शिक्का मारला आणि ते जपलं. पुस्तक साधंच होतं. पण त्या पानानं मला मराठवाड्यातल्या मराठी वाचकाविषयी जे सांगितलं, ते नव्या कोऱ्या आवृत्तीतून कळलं नसतं. तेव्हापासून पुस्तक आधी मजकुरासाठी उघडायचं की पहिल्या पानासाठी, हा प्रश्न मला पडलेला नाही. आधी पहिलं पान.

पुढच्या वीस वर्षांत आवक वाढतच गेली. परळीहून रेल्वेनं हैदराबादला गेलं की रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर उर्दू, तेलुगू, इंग्रजीच्या ढिगांत एखादं मराठी पुस्तक सापडे. पुण्याहून येताना एसटीच्या टपावर पोतं. 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे मूळ सात विभाग 1932 ते 1938 या काळात निघाले, पुरवणी 1950 साली आली. रद्दीत ते कधीच एकत्र येत नाहीत. आज तिसरा मिळतो, चार वर्षांनी सहावा, आणि मधे तिसराच पुन्हा. केतकरांच्या 'ज्ञानकोशा'चे तर तेवीस विभाग. बीड शहरातून आलेल्या काही पुस्तकांच्या खालच्या कडेला गाळाची तपकिरी रेघ असे. ती 1989च्या बिंदुसरेच्या पुराची, असं देणारे सांगत. ओली पानं सुकवून लोकांनी ठेवली होती, हे मला आजही फार मोठं वाटतं.

घरात आता कपाटांच्या मागं पुस्तकांची दुसरी रांग आहे, दिवाणाखाली खोकी आहेत, आणि कशात काय आहे हे एका माणसाच्या डोक्यात मावणं केव्हाच संपलं. इथं मला बीडच्याच एका पोथीची आठवण येते. इतिहासाचार्य राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली ती बीडमधल्या पाटांगण या ठिकाणी. तिच्यावरून त्यांनी 1909 साली ज्ञानेश्वरी छापली, म्हणून 'राजवाडे प्रत' आपल्याला माहीत आहे. मूळ पोथी मात्र नंतर अभ्यासकांच्या हाती लागली नाही. छापली गेली नसती, तर पाटांगणावर असं काही होतं याचा पत्ताच उरला नसता. राजवाड्यांसारख्या माणसाच्या हातातलं धन असं जाऊ शकतं, तर आपल्या दिवाणाखालच्या खोक्यांचं काय घेऊन बसलात!

पुस्तकं डॉ. आंबेडकरांचीही गेली होती. त्यांनी न्यूयॉर्कला शिकत असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून दोन हजारांच्या आसपास पुस्तकं जमवली. ती परिचिताकडे सोपवली, सगळी त्यांच्यापर्यंत पोचली नाहीत. 1917 साली लंडनहून पाठवलेलं सामान तर जहाजासकट समुद्रात गेलं. युद्ध चालू होतं. त्यांनी पुन्हा घेतली. दादरला राजगृह बांधलं तेच मुळी पुस्तकांचा विचार करून. पुस्तक घेणं हा एक भाग, त्याला जागा देणं हा दुसरा. पहिलं आमच्यासारख्या पुष्कळांना जमतं.

जागेइतकीच गरज नोंदीची असते, आणि ती ग्रंथालयांकडून शिकावी. दाखल रजिस्टरमध्ये प्रत्येक पुस्तकाला अंक मिळतो. ते कुठल्या विषयाचं, किती किमतीचं हे पाहून तो दिला जात नाही. मीही अलीकडे लांब वही घातली आहे. नाव, लेखक, साल, कुठल्या खोक्यात, आणि शेवटच्या रकान्यात: कुठल्या गावच्या, कसल्या घरातून आलं. हा शेवटचा रकाना कुठल्याही छापील सूचीत सापडणार नाही, म्हणून तो मी आधी भरतो. दुबार प्रती या वहीमुळेच वेगळ्या निघाल्या. त्या गावोगावच्या वाचनालयांना द्यायच्या आहेत.

रद्दीच्या दुकानात आता ढीग असतो तो स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांचा. जुन्या ट्रंका क्वचित येतात. निजामकाळात पुस्तक विकत घेणारी पिढी संपली, त्यांच्या मुलांचीही घरं रिकामी होत आहेत. पुढच्या दहा वर्षांत जे निघेल ते बहुधा शेवटचं. म्हणून केज, धारूर, माजलगाव, गेवराई कुठल्याही गावी वडिलांचं घर आवरायला जाल, तेव्हा हातगाडीवाल्याला बोलावण्याआधी गावातल्या वाचनालयाला किंवा वाचणाऱ्या मास्तरांना एकदा फोन करा. आणि ज्यांनी माझ्यासारखी खोकी भरून ठेवली आहेत, त्यांनी आज रात्री एक वही घ्यावी आणि पहिल्या दहा पुस्तकांची नोंद करावी.