माझगावची तरंगती शाळा

स्वतंत्र भारताच्या भूदलाची सूत्रे १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पांकडे आली. हवाई दलाला सुब्रतो मुखर्जी यांच्या रूपाने १९५४ मध्ये भारतीय प्रमुख मिळाला. नौदल मात्र थांबून राहिले. तिथल्या सर्वोच्च खुर्चीत ब्रिटिश अधिकारी एकामागून एक येत राहिले आणि २२ एप्रिल १९५८ उजाडल्यावर व्हाइस अ‍ॅडमिरल रामदास कटारी त्या पदावर बसले. हा उशीर कशामुळे झाला, हे समजून घ्यायचे तर माझगावच्या धक्क्यासमोर नांगरलेल्या एका जहाजाकडे वळावे लागते.

त्याचे नाव ‘डफरिन’. १९०४ साली इंग्लंडमध्ये बांधलेले हे जहाज रॉयल इंडियन मरीनचे, सैनिकांची ने-आण करणारे. १९२७ साली त्याची शाळा झाली. तीही आपोआप झाली नाही. भारतीय मालाची वाहतूक भारतीय जहाजांनी करावी, ही मागणी तेव्हा जोरात होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांच्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाले होते. पण ब्रिजवर उभे राहून जहाज हाकणारे भारतीय अधिकारी आणायचे कुठून? कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९२४ मध्ये प्रशिक्षण जहाजाची शिफारस केली. सर शिवस्वामी अय्यर आणि लल्लूभाई सामळदास हे त्या समितीत होते.

म्हणजे ‘डफरिन’चा मूळ हेतू व्यापारी जहाजांचे अधिकारी घडवण्याचा. नौदलाचा नव्हे.

कोवळ्या वयाची मुले घर सोडून या जहाजावर राहायला येत. शाळेचे नेहमीचे विषय होतेच. त्यांच्या जोडीला होडी वल्हवणे, दोरखंडाच्या गाठी, होकायंत्र, नकाशावर जहाजाची जागा काढणे. जहाज जागचे हलत नसे, तरी भरती-ओहोटी, पावसाळ्यातले वारे आणि बंदरातली वर्दळ पोरांच्या डोळ्यांसमोर असे. चार भिंतींच्या वर्गात हे कुठून मिळणार?

नौदलाचा दरवाजा त्या काळी जेमतेम किलकिला होता. इंजिनीअर शाखेत डी. एन. मुखर्जी हे पहिले भारतीय अधिकारी झाले, तेही १९२८ मध्ये. चेंगलपट्टूचे कटारी ‘डफरिन’च्या पहिल्याच तुकडीतले. तिथून ते हुगळी नदीच्या सर्वेक्षणात गेले आणि दुसऱ्या महायुद्धात राखीव दलाच्या वाटेने नौदलात आले. दर्यावर्दी अधिकाऱ्यांची पहिली फळी १९२७ नंतर शिकू लागली, तर तिच्यातला प्रमुख १९५८ च्या फार आधी कसा तयार होणार? कटारींनंतर १९६२ मध्ये नौदलप्रमुख झाले ते भास्कर सदाशिव सोमण.

स्वातंत्र्यानंतर मार्ग बदलला. १ जानेवारी १९४९ पासून तिन्ही दलांचे कॅडेट देहरादूनला एकत्र शिकू लागले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला नेहरूंनी खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसवली. जानेवारी १९५५ मध्ये तिचे उद्घाटन झाले. समुद्र सह्याद्रीपलीकडे राहिला. कोवळ्या दर्यावर्दींच्या वाट्याला आले धरणाचे गोडे पाणी. शिडाची होडी हाकण्याचे पहिले धडे ते याच जलाशयात गिरवतात. तिन्ही दलांच्या पोरांना एकाच मैदानावर वाढवण्याचा खडकवासल्याचा निर्णय मात्र वेगळा आणि मोठ्या धाडसाचा होता.

समुद्राची ओढ तरी सुटली नाही. १९६९ मध्ये कोचीला नौदल प्रबोधिनी सुरू झाली. १९८६ मध्ये ती गोव्यात, पणजीसमोर मांडवीच्या पैलतीरी ‘आयएनएस मांडवी’त आली आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथे नांदली. पुढे ८ जानेवारी २००९ रोजी केरळच्या एळिमला येथील विस्तीर्ण संकुलाचे उद्घाटन झाले.

‘डफरिन’ने १९७२ पर्यंत शाळा चालवली. मग ‘राजेंद्र’ या जहाजाने तिची जागा घेतली आणि १९९३ मध्ये नवी मुंबईतल्या करावे येथील ‘चाणक्य’ या जमिनीवरच्या संस्थेने. तरंगती शाळा किनाऱ्याला लागली. आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या फक्त मुलगे शिकले, त्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी मुलींची पहिली तुकडी संचलन करत बाहेर पडली. त्या सतराजणी होत्या.