‘उरणहून’ की ‘उरणची’? : निर्यात व नवोन्मेष यांच्या मापनाची भाषा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• ‘औद्योगिक समूह’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• निर्यात व नवोन्मेष मोजण्याची साधने आणि त्यांच्या मर्यादा सांगता येतील.
• अहवालांतील विधानांचा नेमका अर्थ लावता येईल.

प्रास्ताविक

‘उरणची निर्यात’ आणि ‘उरणहून होणारी निर्यात’ ही पदे पुष्कळदा एकाच अर्थाने वापरली जातात. व्याकरणदृष्ट्या मात्र त्यांत मोठे अंतर आहे. ‘-ची’ हा षष्ठीचा प्रत्यय संबंध व स्वामित्व दर्शवतो. ‘-हून’ हा पंचमीचा प्रत्यय केवळ अपादान, म्हणजे माल जेथून निघाला ते ठिकाण दर्शवतो. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेथील कंटेनरांत नाशिकची द्राक्षे असतात, पुणे परिसरातील वाहनांचे सुटे भाग असतात. हा माल उरणहून जातो. तो उरणचा नसतो.

विषय-विवेचन

१. समूह कसा ओळखावा?

एकाच किंवा परस्परपूरक व्यवसायातील उद्योग, पुरवठादार आणि प्रशिक्षणसंस्था एका प्रदेशात एकवटल्या, की औद्योगिक समूह तयार होतो. अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये आणि मायकेल पोर्टर यांनी १९९० मध्ये या संकल्पनेची मांडणी केली. समूह ओळखण्यासाठी ‘स्थानीकरण गुणांक’ वापरतात. समजा, एखाद्या जिल्ह्यातील २० टक्के कामगार एका उद्योगात आहेत आणि राज्यात हे प्रमाण ५ टक्के आहे; तर गुणांक २० ÷ ५ = ४ होतो. गुणांक १ पेक्षा जितका अधिक, तितके त्या उद्योगाचे केंद्रीकरण अधिक.

२. निर्यात कशी मोजावी?

बेला बलासा यांनी १९६५ मध्ये हेच तत्त्व निर्यातीला लावले. प्रदेशाच्या एकूण निर्यातीतील एखाद्या वस्तूचा वाटा आणि जागतिक निर्यातीतील त्याच वस्तूचा वाटा यांचे गुणोत्तर म्हणजे ‘प्रकट तुलनात्मक लाभ’.

परंतु माल कोणत्या प्रदेशाच्या नावावर मांडायचा? माल पिकतो एका जिल्ह्यात, निर्यातदाराचे कार्यालय असते दुसऱ्या जिल्ह्यात आणि बंदर तिसऱ्या जिल्ह्यात. म्हणून १५ फेब्रुवारी २०२० पासून शिपिंग बिलात मालाचे मूळ राज्य व मूळ जिल्हा नोंदवणे अनिवार्य झाले. भाषेच्या परिभाषेत बोलायचे तर, पंचमीच्या जोडीला षष्ठीचीही नोंद सुरू झाली.

एवढ्यानेही हिशेब पूर्ण होत नाही. १०० रुपयांच्या निर्यातीत ६० रुपयांचा कच्चा माल आयात केलेला असेल, तर देशातील मूल्यवर्धन ४० रुपयांचेच ठरते.

३. नवोन्मेष कसा मोजावा?

पेटंटांची संख्या मोजणे सोपे असते; पण नवोन्मेष तेवढाच नसतो. नवी किंवा लक्षणीय सुधारणा केलेली वस्तू अथवा प्रक्रिया प्रत्यक्ष वापरात येणे, हा त्याचा गाभा होय. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. अशा प्रसंगी बागेची नोंदणी, अवशेषांची तपासणी आणि पेटीपासून बागेपर्यंत माग काढण्याची सोय यांचे मोल कळते. अपेडाची ‘ग्रेपनेट’ प्रणाली हेच काम करते. शेतकऱ्याने फवारणीची नोंद ठेवण्याची शिस्त अंगी बाणवली, तर तोही नवोन्मेषच. पेटंटांच्या यादीत मात्र तो दिसत नाही.

४. मापनाचे परिणाम

शीतगृह कोठे, प्रशिक्षण कोणाला आणि रस्ता कोणत्या गावापर्यंत, हे निर्णय आकड्यांवर ठरतात. बंदराची उलाढाल उरणच्या नावावर मांडली, तर तालुका संपन्न ठरतो आणि स्थानिकांचे प्रश्न आकड्याआड जातात. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये याच भागात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. जमीन गेलेल्या कुटुंबांच्या वाट्याला किती रोजगार आला, हे कंटेनर मोजून कळत नाही. त्यासाठी वेगळी मोजणी करावी लागते.

सारांश

प्रत्येक आकड्यामागे एक व्याख्या असते आणि व्याख्या शब्दांनी घडते. म्हणून अहवाल वाचताना ‘किती’ या प्रश्नाआधी ‘कशाचे’ आणि ‘कोणाचे’ हे प्रश्न विचारावेत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. निर्यातीच्या संदर्भात षष्ठी व पंचमी यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. पेटंटांची संख्या हे नवोन्मेषाचे अपुरे माप का ठरते?
३. आपल्या जिल्ह्यातील एक उद्योगसमूह निवडून त्याच्या मापनातील अडचणी लिहा.