सोळा बँड, पंधरा लढती

रॉक ऐकणाऱ्या माणसाला ‘तुझा सगळ्यात आवडता बँड कोणता?’ असं विचारलं, की तो जरा अडखळतो आणि मग एकाऐवजी सहा नावं सांगतो. सहाही खरी असतात. त्यांच्यातलं वर-खाली ठरवायला नुसती आठवण पुरत नाही, दोन-दोन बँड समोरासमोर बसवून ऐकावे लागतात. त्यासाठी टेनिस किंवा कबड्डीच्या स्पर्धांत असते ती बाद पद्धत छान उपयोगी पडते. जिंकला तो पुढच्या फेरीत, हरला तो घरी.

हिशेब सोपा आहे. एका लढतीत एकच बँड बाहेर पडतो. सोळातला एक उरायचा तर पंधरा बाहेर पडले पाहिजेत, म्हणून लढती पंधराच. विम्बल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि सामने १२७ होतात, ते याच न्यायानं. फेऱ्या नीट जुळाव्यात म्हणून बँडांची संख्या आठ, सोळा किंवा बत्तीस ठेवावी. यादी बारावरच थांबली तर वरच्या चौघांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते. सोळा मला योग्य वाटतात: चार फेऱ्या होतात, आणि यादीच्या तळाशी उगाच भरतीची नावं येत नाहीत.

यादी करण्याआधी प्रश्न पक्का करायचा. ‘थोर बँड कोणता’ आणि ‘मला आवडणारा बँड कोणता’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर इतिहास देतो आणि तिथे बीटल्सना हरवणं जवळजवळ अशक्य आहे. दुसऱ्याचं उत्तर फक्त आपणच देऊ शकतो, म्हणून स्पर्धा दुसऱ्याचीच घ्यावी. आणि तो प्रश्न कागदावर वर लिहून ठेवावा, कारण तिसऱ्या फेरीपर्यंत तो हमखास बदलू लागतो.

आता मानांकन. सोळा नावं अंदाजानं उतरत्या क्रमानं लावा. माझी यादी अशी: बीटल्स, पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, क्वीन, डीप पर्पल, रोलिंग स्टोन्स, निर्वाना, द हू, डोअर्स, मेटालिका, ईगल्स, यू२, ब्लॅक सॅबथ, आयर्न मेडन, एसी/डीसी, रेडिओहेड. पहिल्या फेरीत पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, तिसऱ्याची चौदाव्याशी. प्रत्येक जोडीची बेरीज सतरा. म्हणजे बीटल्स आणि रेडिओहेड, फ्लॉइड आणि एसी/डीसी, निर्वाना आणि मेटालिका. पहिला आणि दुसरा तक्त्याच्या दोन वेगळ्या अर्ध्यांत ठेवायचे, म्हणजे ते भेटले तर अंतिम फेरीतच भेटतील. पहिल्या चौघांना चार वेगळे पाव भाग द्यायचे. सगळे अंदाज खरे ठरले तर उपांत्य फेरीत पहिल्यासमोर चौथा आणि दुसऱ्यासमोर तिसरा येतो.

मानांकन न करता चिठ्ठ्या टाकल्या तर काय बिघडतं? झेपलिन, पर्पल आणि सॅबथ हे जड रॉकचे तीन आधारस्तंभ एकाच कोपऱ्यात आले, तर त्यातले दोन उपांत्य फेरीच्या आत संपतात आणि दुसऱ्या बाजूनं एखादा मधल्या फळीतला बँड निवांतपणे अंतिम फेरी गाठतो. दशकांनुसार चार गट पाडण्याची कल्पना अनेकांना मोहात पाडते: साठचं, सत्तरचं, ऐंशीचं, नव्वदचं. मी त्याच्या विरुद्ध आहे. उपांत्य फेरीत प्रत्येक दशकाचा एकेक प्रतिनिधी येतो खरा, पण ज्याचा जीव सत्तरच्या दशकात अडकला आहे त्याचे सगळे लाडके एकमेकांनाच संपवतात.

स्पर्धा मित्रांच्या मतांवर घेणार असाल तर मांडणीचं महत्त्व आणखी वाढतं. समजा मतं देणारे तिघं आहेत. पहिल्याचा पसंतीक्रम झेपलिन, फ्लॉइड, क्वीन. दुसऱ्याचा फ्लॉइड, क्वीन, झेपलिन. तिसऱ्याचा क्वीन, झेपलिन, फ्लॉइड. झेपलिनविरुद्ध फ्लॉइड अशी लढत लावली तर झेपलिन दोन विरुद्ध एक मतानं जिंकतं. फ्लॉइडविरुद्ध क्वीनमध्ये फ्लॉइड जिंकतं. आणि क्वीनविरुद्ध झेपलिनमध्ये क्वीन! तिघांचीही मतं आपापल्या जागी सुसंगत, तरी गटाचं मत गोल फिरतं. फ्रेंच विचारवंत कोंदॉर्से यानं १७८५ साली मतदानाबद्दल लिहिताना हा पेच मांडला होता. अशा वेळी जो बँड पहिल्या लढतीत बसून राहतो तोच शेवटी जिंकतो, म्हणजे तक्ता आखणाऱ्याच्या हाती निकाल जातो. म्हणून एकट्यानं मानांकन करू नये. प्रत्येकाकडून सोळांची यादी घ्यावी, क्रमांकांची बेरीज करावी आणि सगळ्यात कमी बेरीज त्याला पहिलं मानांकन द्यावं. पेच त्यानं नाहीसा होत नाही, पण कुणा एकाच्या मर्जीनं तरी निकाल लागत नाही.

एकट्या माणसाचं मतही असंच फिरू शकतं. फ्लॉइडसमोर झेपलिन ऐकताना कान जॉन बॉनमच्या ड्रमवर असतो, क्वीनसमोर ऐकताना गळ्यावर. समोरचा बदलला की मोजपट्टीच बदलते. कागदावर लिहिलेला तो प्रश्न इथे कामाला येतो.

आता प्रत्यक्ष ऐकणं, म्हणजे या सगळ्याचा गाभा. लढत किती गाण्यांची? तीन विरुद्ध तीन म्हणावं तर घोटाळा होतो, कारण फ्लॉइडचं १९७१चं ‘एकोज’ एकटंच तेवीस मिनिटांचं आहे आणि तेवढ्यात बीटल्सची आठ-नऊ गाणी होतात. म्हणून गाणी न मोजता वेळ मोजावा. एलपीच्या एका बाजूवर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचं संगीत मावतं. प्रत्येक बँडला तेवढा वेळ द्यावा. एका लढतीला पाऊण तास लागतो, एका संध्याकाळी दोन लढतींपेक्षा जास्त घेऊ नयेत. एकदा वाजलेलं गाणं पुढच्या फेरीत पुन्हा घ्यायचं नाही, हा नियम मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. त्यामुळे अंतिम फेरीला पोचणाऱ्याला चार वेगवेगळ्या बाजू भरून दाखवाव्या लागतात आणि दोन-तीन गाजलेल्या गाण्यांवर तरलेले बँड दुसऱ्या फेरीतच उघडे पडतात. निर्वानाचे स्टुडिओ अल्बम तीनच आहेत, तरी ‘ब्लीच’, ‘नेव्हरमाइंड’ आणि ‘इन युटेरो’ मिळून चार बाजू सहज निघतात.

आवाजाची पातळी सारखी हवी. तेच संगीत किंचित मोठ्यानं वाजलं की कानाला ते अधिक भरीव, अधिक चांगलं वाटतं, आणि आपण त्याचं श्रेय बँडला देऊन मोकळे होतो. सीडीच्या काळात रेकॉर्डिंगची पातळी वाढत गेली. मेटालिकाच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’बद्दल तर खुद्द चाहत्यांनीच तक्रार केली होती. १९६३चे बीटल्स त्याच्या शेजारी तसेच लावले तर ते बिचारे दबून जातात. मोबाइलवरच्या बहुतेक संगीत अॅपमध्ये आवाज समान ठेवण्याची सोय असते, ती सुरू करावी. नाहीतर हातानं जुळवून घ्यावं. शिवाय फार हळू आवाजातही ऐकू नये. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणखी कमी ऐकू येतो, आणि मग द हूच्या जॉन एन्टविसलचं बेस वाजवणं, जे ऐकण्यासाठीच तो बँड लावायचा, तेच हरवतं.

क्रमाचाही परिणाम होतो. शेवटी ऐकलेलं मनात रेंगाळतं. लढत अटीतटीची झाली तर दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून पुन्हा ऐकावी. आणि जिव्हाळ्याची नाती ओळखून असावं. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथेच जमला, हे माहीत असलेल्या मराठी श्रोत्याचा हात क्वीनच्या बाजूनं आपोआप झुकतो. आवडीच्या स्पर्धेत तो झुकू द्यायलाही माझी हरकत नाही, मात्र तो झुकतो आहे हे आपल्याला कळलेलं असावं.

आता निकाल. समजा फ्लॉइडनं एसी/डीसी, निर्वाना, झेपलिन आणि अंतिम फेरीत बीटल्स यांना हरवलं. विजेता ठरला. पण बीटल्स दुसरे ठरले का? नाही. ‘अॅलिस’चा लेखक लुइस कॅरल गणिताचा अध्यापक होता. त्यानं १८८३ साली लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिका लिहून नेमका हाच अन्याय दाखवला. चिठ्ठ्या टाकून लढती लावल्या तर दुसऱ्या क्रमांकाचा खरा हक्कदार विजेत्याच्याच अर्ध्यात असण्याची शक्यता पंधरात सात. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा तो अंतिम फेरीच्या आधीच बाहेर जातो. मानांकनानं हा धोका कमी होतो, संपत नाही.

दुरुस्ती मात्र स्वस्तात होते. खरा दुसरा बँड पहिल्याशिवाय कुणाकडूनच हरू शकत नाही. म्हणून तो विजेत्याकडून हरलेल्या चौघांतच असणार, बाकी अकरा जणांकडे बघण्याचं कारणच नाही. आधी एसी/डीसी आणि निर्वाना यांची लढत लावायची, जिंकणाऱ्यासमोर झेपलिन आणायचं, त्यात जिंकणाऱ्यासमोर बीटल्स. तीन लढती वाढल्या, एकूण अठरा झाल्या. सगळ्यांशी सगळ्यांची साखळी घ्यायची तर १२० लागल्या असत्या. या तीन लढती मला अंतिम सामन्याहूनही जास्त आवडतात, कारण उपांत्यपूर्व फेरीत फ्लॉइडसमोर हरलेलं निर्वाना इथे झेपलिन आणि बीटल्स दोघांनाही मागे टाकून दुसरं येऊ शकतं.