टच रुसला? आधी पुसा!

जुलैतला वीकेंड. पावसला आत्याकडे गेलो होतो. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन झालं, घावन-चटणी हाणली आणि ओसरीवर बसून गेमिंग कन्सोल काढला. टच ढिम्म! बटणं चालू, स्क्रीन मात्र रुसलेला. फोनवर मित्राचा सल्ला, ‘फॅक्टरी रिसेट मार.’ म्हणजे वर्षभराचा सेव्ह केलेला गेम स्वाहा! बॅकअप कुठे घेतला होता?

जरा थांबलो. २००४ च्या निन्टेन्डो डीएसचा टच दाबावर चालायचा. आताचे कपॅसिटिव्ह स्क्रीन बोटामुळे होणारा विद्युतभारातला बदल ओळखतात. पाणी, घाम आला की ते गोंधळतात. आणि कोकणातल्या पावसात कोरडं काय राहतं, बॉस?

मग चार्जर काढला (खराब चार्जरनेही टच बिघडतो). कन्सोल पूर्ण बंद केला. स्क्रीनगार्ड सोलला, तर खाली ओल! मऊ, कोरड्या कापडाने पुसलं, हातही पुसले, कन्सोल सुरू केला. चाललं की!

आत्या हसली, ‘‘अरे, पावसाळ्यात इथे पापड सादळतात, तुझ्या यंत्राचं काय घेऊन बसलास!’’

तेव्हा मंडळी, आधी स्क्रीन पुसा. डेटा पुसायचा तो अगदी शेवटी, तोही बॅकअप घेऊनच!